मेहुण्याचं मानसशास्त्र

भोर-वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात मानसशास्त्र शिकलेल्या माणसाचं पुढं काय होतं, याचा शोध घ्यायला देवानं एखादा माणूस मुद्दाम नेमला असेल, तर तो माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. भोरच्या कॉलेजात त्यानं हा विषय घेतला, तेव्हा पोरगं नेमकं शिकतंय काय, हे कामथडी गावातल्या त्याच्या घरात कुणालाच कळलं नाही. माझे सासरे, म्हणजे त्याचे आबा, एसटीचे ड्रायव्हर. ते पाहुण्यांना सांगत, "मनाचं कायतरी हाय." त्यावर पाहुणे हमखास विचारत, "मंग फुडं काय?" आबा मेहुण्याकडे बघत, आणि मेहुणा मोठ्या उत्सुकतेनं पाहुण्यांनाच विचारी, "तुम्हाला काय वाटतं?" हा टोमणा नसे. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं असे.

गावानं मात्र परस्पर ठरवून टाकलं होतं की याला दुसऱ्याच्या मनातलं कळतं. आळीतल्या एका काकूंची कोंबडी चोरीला गेली, तेव्हा त्या तडक याच्याकडे आल्या. "कुणी न्हेली तेवढं सांग की रं." हा म्हणाला, "काकू, मनातलं कळत न्हाई, इचारावं लागतं." आणि खरंच घरोघर विचारत सुटला. कोंबडी शेवटपर्यंत सापडली नाही. पण कुणाचं कुणाशी का वाकडं आहे, हे त्याला समजलं, आणि कैक वर्षं अबोला धरलेल्या दोन जावा त्याच्यामुळं एकमेकींशी बोलायला लागल्या. काकूंना त्याचं काही कौतुक नव्हतं. त्या कोंबडीचंच विचारत राहिल्या.

पदवी झाल्यावर हायवेकडच्या एका कारखान्यात, माणसं नेमायच्या खात्यात, त्याला नोकरी लागली. मानसशास्त्रवाल्यांना तिथं घेतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. पण मुलाखतीला आलेल्या एका मुलाला यानं इतक्या आपुलकीनं प्रश्न विचारले की आपल्याला मशीनवर उभं राहायचंच नाही, रोपवाटिका काढायची आहे, असा त्या मुलाला साक्षात्कार झाला आणि तो उठून घरी गेला. साहेब म्हणाले, "अहो, आपल्याला माणसं घ्यायचीत, घालवायची नाहीत." पुढं खताच्या एका कंपनीसाठी शेतकऱ्यांची आवडनिवड विचारायचं काम मिळालं. त्यात शेतकरी खतावरून बांधावर, बांधावरून भावकीवर येई, आणि हा मांडी घालून ऐकत बसे. तिसरी नोकरी भोरातल्या वधू-वर सूचक केंद्रात. तिथं यानं एका नवरदेवाला नुसतं विचारलं, "लग्न का करायचंय?" नवरदेव आठवडाभर विचार करून नावच काढून घेऊन गेला. मी वैतागून म्हणालो, "अरे, एवढे प्रश्न कशाला?" तर म्हणे, "दाजी, तुम्ही वैतागलात की तुम्हाला माझी काळजी वाटतेय?"

काळजीच वाटत होती. घरात तर रोज वाजत होतं. मग तो एका व्यसनमुक्ती केंद्रात मदतनीस म्हणून लागला आणि पहिल्यांदाच टिकला. तिथं त्याचं ऐकणं कुणाला नडत नव्हतं. पण नुसत्या बीएवर समुपदेशक होता येत नाही हेही तिथंच समजलं, आणि गडी एमए करायला कापूरहोळच्या फाट्यावरून पुण्याच्या एसट्या पकडू लागला. एसटीत शेजारी बसलेला माणूस उतरेपर्यंत याला त्याची सासुरवाडीसुद्धा पाठ झालेली असे.

त्याचं एमए होतंय न होतंय तोच आबा निवृत्त झाले. पहिले काही दिवस बरे गेले. मग आबांनी घराबाहेर पडणं सोडलं, मग बोलणं, मग जेवण. पहाटे उठून दाढी करायचे आणि कॉटवर बसून राहायचे. मेहुण्याला त्यातलं सगळं कळत होतं. तो जवळ बसला आणि अगदी शिकवल्याप्रमाणे हळूच म्हणाला, "आबा, नेमकं काय वाटतंय?" आबांनी मान वर केली. "मला गिऱ्हाईक करतो व्हय रं?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

आबांना बघायला मी आलोच होतो; मला घेऊन तो बाहेर आला. परसात दगडावर बसून म्हणाला, "दाजी, घरच्या माणसाचं हे काम आपण करायचं नसतं. पहिल्याच वर्षी शिकवतात. मला वाटलेलं, पुस्तकातलं असंल."

त्यानं आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीला बोलावलं. ती पुण्याच्या एका दवाखान्यात समुपदेशक होती. ती आली, आबांसमोर आतल्या खोलीत बसली आणि याला म्हणाली, "तू बाहेर थांब." हा गोठ्यापाशी येरझाऱ्या घालत राहिला. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग आबांचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला, मध्येच फुटला. शब्द काही कळत नव्हते. मेहुणा दोन पावलं पुढं गेला, थांबला, आणि उलटा फिरून पार विहिरीकडे निघून गेला.

ती बाहेर आल्यावर मीच विचारलं, "काय म्हणाले?"

"ते मला सांगता येणार नाही," ती म्हणाली आणि पाणी मागितलं. मेहुण्यानं तांब्या आणून दिला.

ती येत राहिली, डॉक्टरांच्या गोळ्याही चालू झाल्या, आणि आबा हळूहळू माणसांत आले. आता सकाळी हायवेवरच्या टपरीवर त्यांची बैठक असते. मेहुणा वेल्ह्याकडच्या शाळांमधून समुपदेशक म्हणून फिरतो. तो मोटारसायकल काढतो तेव्हा आबा दारात येऊन म्हणतात, "घाटात समोरच्याला आदी जाऊ दी." फुडं काय, असं आता कुणी विचारत नाही.

मला मात्र राहवत नाही. परवा त्याला म्हणालो, "आबा तेव्हा काय बोलले असतील रे?"

"ठाऊक न्हाई. त्यात मी बी असणार. लई वाटतं इचारावं. संध्याकाळी दोघंच असतो, तेव्हा अगदी जिभेवर येतं."

"मग?"

"मग मी म्हणतो, आबा, च्या टाकू का? ते म्हणतात, टाक."