कोरड्या पाटाचं दार

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. कुणा बाईच्या अंगात आलं की मी आधी तिला पाणी पाजते, मग डॉक्टरकडे नेते. तरीही हे लिहितेय, कारण ते मी एकटीने ऐकलेलं नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर. कोऱ्हाळे बुद्रुकला आमचं शेतातलं घर. पुण्यातल्या एका पंप कंपनीची माहितीपुस्तकं जुन्या टायपिंगच्या फाइलींतून वेबपेजमध्ये आणायचं काम मी घेतलं होतं. त्यासाठी फाइली आपोआप बदलणारा प्रोग्रॅम, कन्व्हर्टर, मीच लिहिला होता. "संध्याकाळच्या एसटीने फ्लॉपी आली नाही तर काम दुसऱ्याला देतो," असं कंपनीच्या साहेबांनी त्या दिवशी फोनवर बजावलं होतं.

आणि नेमका घोळ — धोक्याच्या सूचनेला लाल चौकट होती. सूचनेत यादी आली की ती चौकट संपायचीच नाही... पुढचं अख्खं पुस्तक लाल! आपण चौकटीच्या आत आहोत की बाहेर, हेच प्रोग्रॅम विसरत होता. सकाळपासून चूक सापडत नव्हती.

भर दुपारी बांधावरून हाक आली — "आदी मागलं दार बांद, मग फुडलं फोड!"

उसाला पाणी देताना मामंजी असंच ओरडायचे. मागच्या वाफ्याचं दार, म्हणजे पाणी शिरायचं तोंड, चिखलाने बुजवल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही. पण मामंजींना जाऊन वर्ष झालं होतं.

धाकटी जाऊ शालन पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"अक्का, मामंजींनी हाक मारली?"

"तूही ऐकलीस?"

"व्हय. पर पाटाला पानी कुठंय? कॅनॉल सुटलाच न्हाय अजून."

मी स्क्रीनकडे वळले. सूचना संपली तरी आतली यादी उघडीच राहत होती. चौकट बंद करायची खूण त्या यादीवरच खर्ची पडायची. पुढचं उघडण्याआधी मागचं बंद कर, एवढी ओळ घातली... पुस्तक सरळ!

मग दोघी शेतात गेलो. पुरुषमाणसं बारामतीला बाजारात. पाट ठणठणीत कोरडा. फक्त एका वाफ्याचं दार नुकतंच बांधलेलं, ओल्या चिखलाने.

"मामंजी तुमाला म्हनायचे ना, त्या कंप्युटरच्या डब्यात काय पिकतंय?" शालन हसली. "बगा, सोताच आले दारं धरायला!"

फ्लॉपी वेळेत गेली, काम पुढे बरीच वर्षं टिकलं. हाक भास होती म्हणा, दार कुणा वाटसरूने बांधलं म्हणा — माझी हरकत नाही. त्या चिखलाला पाणी कुठून आणलं, तेवढं मात्र सांगा.