सोळा हजार तीनशे एकसष्ट

एवारिस्तो लेदेस्मा रोसारियो शहरात आमच्याच मार्गावर बस चालवायचा आणि तिकिटंही तोच फाडायचा. तिकिटाचा आकडा पुढून-मागून सारखाच आला, की आम्ही त्याला कापिकुआ म्हणतो आणि नशिबाचा म्हणून जपतो. एवारिस्तोचं तेवढ्यावर भागत नसे. सिग्नलला थांबला, की तो आकड्याला तोंडी भाग लावून बघायचा. चार आकडी कापिकुआला अकराने भाग जातोच, हे त्याने डेपोत करून दाखवलं होतं. पाच आकड्यांत मात्र एखादा असा निघतो, की त्याला कशानेच भाग जात नाही.

"म्हणजे तुझ्यासारखा," मेकॅनिक बास्केस म्हणायचा. "एकाने जाणार, नाहीतर स्वतःने! लग्न कर, लेका."

एवारिस्तो हसायचा आणि मान वळवायचा.

त्या संध्याकाळी माझी बसवरची पाळी संपली होती. मी त्याच्या शेजारी उभा होतो. रोलवर पुढचं तिकीट १६३५९ होतं.

"दोघं चढले की १६३६१," तो कुजबुजला. "सगळं लावून बघितलं. कशानेच जात नाही. ते नेलिदाबाईंना आलं, तर आज विचारतो."

नेलिदाबाई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होत्या. विधवा. रविवारी नदीवर येता का, एवढंच त्याला वर्षभर विचारायचं होतं.

इस्पितळापर्यंत एकच म्हातारी चढली.

"मधलं तिकीट मी काढतो," मी म्हणालो.

"मुद्दाम जुळवून आणलेलं चालत नाही रे."

नेलिदाबाईंनी चढताच तिकीट बघितलं. "अरे देवा, एकाने हुकलं! पुढचंही द्या ना, पैसे घ्या."

"विकतचं नशीब लागत नाही, बाई."

"अहो, मग भेट म्हणून द्या!" त्या हसत होत्या.

एवारिस्तोचे कान लाल झाले. मला वाटलं, आता बोलेल.

"तसंही चालत नाही," तो म्हणाला.

बाई क्षणभर थांबल्या, मग मागे जाऊन बसल्या.

पुढच्या थांब्यावर पावांची पिशवी घेतलेला एक माणूस चढला. तिकीट त्याने खिशात कोंबलं.

बाई उतरून गेल्यावर एवारिस्तोने विचारलं, "त्याने बघितलं का रे?"

"नाही."

पुढे बाईंना सकाळची पाळी मिळाली. एवारिस्तो निवृत्त होईपर्यंत संध्याकाळचीच बस चालवत राहिला.