सावली पडल्यावर

ओहोटी लागली होती. कातळावर कालवं काढायला निघालेल्या सुमनकाकूंच्या मागोमाग मी चालले होते. एका डबक्यात पाय टाकणार, तोच त्या ओरडल्या, "थांब गो! आधी सावली टाक. दगड हलत नाही, मासा हलतो."

मी वाकले. पाण्यावर माझी सावली पडली आणि तळाशी असलेल्या एका खड्याने चक्क डोळा फिरवला! बोटाएवढा मासा; अंगावर वाळूचे ठिपके, शेवाळाचा रंग.

"काकू, दिसला!" मी लहान पोरीसारखी किंचाळले.

"एकच?" त्या हसल्या.

मी पुन्हा पाहिलं. इतकी वर्षं या किनाऱ्यावर येतेय. वाटायचं, इथे बघणारी मीच. डबक्यातले चार-पाच दगड मला निवांत न्याहाळत होते.