ओठ मिटून जगभर

जरीपटक्यातल्या माझ्या फोटो स्टुडिओत ते पन्नाशीचं जोडपं दर दोन-तीन महिन्यांनी येतं. देश नवा, व्हिसा नवा, म्हणून फोटोही नवा. काका दर वेळी बायकोला बजावतात, "हासू नको वं, फोटो रिजेक्ट होते." ब्राझीलपासून जपानपर्यंत काकू अशा ओठ मिटूनच फिरून आल्या.

परवा मी विचारलं, "काकू, आता कुठं?"

"जायचं तर इथून तासाभरावर पारशिवनीले हाये, माह्या भावाकडं. पण यांले म्हटलं, चला, तर म्हणतात, लय दूर पडते!"

काका भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. काकूंना हसू आवरेना, आणि मी नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

तो फोटो कुठल्याच व्हिसाला चालला नसता. पारशिवनीला चालला असता.