नापास व्हायची परीक्षा

माझ्या सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. लकव्यानं त्यांची डावी बाजू गेली तेव्हापासून औरादहून नर्सबाई दर सोमवारी घरी येते. सरकारी योजना आहे. पाठीच्या जखमा धुते, लघवीची नळी बघते, मामांना कुशीवर वळवायला मला हात देते. ती नसती तर मीच कधीची अंथरुणाला लागले असते.

आता चांगलं चाललेलं बघवतंय का सरकारला? नवा नियम काढला. आधी डॉक्टरची चिठ्ठी पुरायची. आता म्हणे बिदरहून अधिकारीणबाई येणार, पेशंटला प्रश्न विचारणार, मार्क देणार. स्वतःचं स्वतः करता येतं असं निघालं की नर्सबाई बंद. म्हणजे शाळेचं तोंड न पाहिलेल्या मामांची पहिलीच परीक्षा, आणि तीही नापास व्हायची!

आदल्या दिवशी मी त्यांची तयारी करून घेतली.

"आंघोळ करता येती का?"

"न्हाई."

"चालता येतं का?"

"न्हाई गं बाई."

"असं ठणकावून नका सांगू. कण्हत सांगा जरा."

मामा असे कण्हले की शेजारीण तव्यावर भाकरी सोडून धावत आली. मला वाटलं, जमलं.

सकाळी बघते तर काय, मामा डोक्याला पांढरा रुमाल बांधून, उशीला टेकून ऐटीत बसलेले! एका हातानं बांधता येईना म्हणून शेजाऱ्याला हाक मारून बांधून घेतलेला. वर मिशीला तेल.

"हे कामून बांधलात?" मी किंचाळलेच.

"परकी बाई यायलीय. बोडक्यानं बसू का?"

अधिकारीणबाई आल्या. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची पोरगी, हातात टॅब. ती विचारायची कन्नडात, मामा सांगायचे मराठीत. दोघांनाही दोन्ही कळत होतं, तिथंच घात झाला.

"अज्जा, तब्येत कशी आहे?"

"एकदम झकास, अक्का. तुमची किरपा."

मी कपाळाला हात लावला.

"आंघोळ स्वतः करता?"

"मग काय गाव येतंय घालायला?"

"जेवण?"

"दोन भाकरी दाबून खातो. तुम्ही बी जेवूनच जावा."

"चालता येतं?"

"दर आठवड्याला बाजाराला पायी जायलोय की!"

बाजाराला! या माणसाला अंगणातली तुळस बघून वर्ष झालं होतं. मी मागून डोळे वटारले, खोकले, शेवटी राहवेना. "खोटं बोलायलेत ते! ही नळी काय हौसेनं लावलीय का?"

मामांनी चांगल्या हातानं गोधडी ओढून नळी झाकली. मला रागानं रडूच फुटलं.

"ताई, पेशंट सांगेल तेच भरायचं, असा नियम आहे," ती पोरगी बिचारी ओशाळून म्हणाली. "शेवटचा प्रश्न. अज्जा, घरी नर्स यायची गरज आहे?"

"मला? मला काय धाड भरलीय?" मामा गुरकावले. मग माझ्याकडं बोट केलं. "पर ह्या पोरीला हाय. मला उचलू उचलू कंबर गेलीय तिची. सकाळी भिंत धरून उठती. कुणाला सांगत न्हाई. तिच्यासाठी येऊ द्या त्या बाईला."

"म्हणजे तुम्हाला उचलावं लागतं?"

"मग? आपोआप उडतो का मी?"

पोरगी हसली. टॅबवर मागं जाऊन तिनं एकेक उत्तर बदललं आणि नर्सबाई येत राहील म्हणाली.

मी चहाच्या निमित्तानं आत आले आणि चुलीपुढं पदरात तोंड घालून ढसाढसा रडले. कंबरेचं मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, मामा भिंतीकडं तोंड करून पडलेले असतात, त्यांना काय दिसतंय.