उतरायचं नाही

"मेलास," टाकीच्या तळाशी डोळे मिटून पडलेल्या मॅडम जागच्या न हलता म्हणाल्या. "आणि तुझ्या मागनं शिडी उतरतोय, तोही मेला."

सराव चालला होता. मळीची टाकी रिकामी करून, धुऊन, हवा मारून ठेवलेली. मॅडमनी आत बेशुद्ध पडल्याचं नाटक करायचं आणि आम्ही त्यांना वर काढायचं. त्यांच्या पट्ट्याला दोर बांधलेला होता, त्याचं दुसरं टोक आमच्या पायांपाशी होतं. ते तसंच टाकून आमचा दांडगा हेल्पर धडाधड खाली उतरला होता.

"आवं मॅडम, जित्ता हाय की मी!"

"आज हवा मारलीय म्हणून. एरवी मळीच्या गॅसनं गेला असतास. तुझ्या बायकोला काय सांगू? लय धाडसी होता म्हणून?"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. वर येऊन हेल्मेट काढलं आणि नेहमीचं सांगितलं, "पहिला पडला तर दुसऱ्यानं उतरायचं नाही. दोर ओढायचा, बोंब मारायची. उतरायचं नाही."

इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात मी कंत्राटी कामगार. गाव पार गोंदियाकडं, शाळा नववीत सुटली. एवढ्या लांब आलेल्या माणसाला एकच भीती असते, काम जाईल. मुकादम 'उतर' म्हणाला की मी उतरायचो. खाली काय आहे ते विचारायचो नाही. मॅडम आमच्या सेफ्टी ऑफिसर. त्यांनी एक दिवस गॅस मीटर माझ्याच हातात दिला. मी तो तसाच परत पुढं केला.

"मॅडम, मी शिकलेला नाही. बिघडला तर?"

"बिघडला तर दुसरा आणू. तू बिघडलास तर कुठनं आणू?"

माझ्याबद्दल असं आधी कुणी बोललं नव्हतं. मी ते यंत्र शिकलो.

मॅडम सांगलीच्या जैन घरातल्या. कारखाना कितीही जोरात असो, डबा दिवस मावळायच्या आत खायच्या. पाण्याच्या पिंपात मुंगी पडलेली दिसली की झाडाचं पान सोडून तिला वर काढायच्या. त्यावरनं कँटीनमध्ये टोमणा ठरलेला, "मुंगीला वाचवत्यात, आन् माणूस पडला तर बघत बसा म्हणत्यात!"

मॅडमच्या कानावर जायचंच. "मुंगीसाठी मी पिंपात उडी मारते का रे?" त्या म्हणायच्या. "पानच सोडते ना?"

मग साताऱ्याकडच्या एका कारखान्यात ते घडलं. टाकी साफ करायला एक जण उतरला आणि पडला. त्याला काढायला दुसरा उतरला, दुसऱ्याला काढायला तिसरा. तिघंही गेले. तिसरा इस्लामपूरकडचा, म्हणून आमच्या एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागला. 'साथीदारांसाठी प्राण वेचणारा वीर.' खाली हात जोडलेले पुढारी, त्यांचे चेहरे मेलेल्या माणसापेक्षा मोठे. असे फ्लेक्स तुम्हीही पाहिले असतील. आपण बघतो, हळहळतो आणि एसटी पकडतो. मॅडम मात्र भर उन्हात तिथं उभ्या राहिल्या.

"वीर कसला? टाकीला पंखा लावला नव्हता," त्या म्हणाल्या. "पंखा असता तर वीर लागलाच नसता."

त्यांनी साताऱ्याकडच्या त्या कारखान्याच्या फोरमनला शोधून फोन केला, आमच्याकडं येऊन काय झालं ते सांगा म्हणाल्या. आमचे साहेब भडकले. "दुसऱ्याची घाण आपल्या दारात कशाला?"

"साहेब, गॅसला गेटपास लागत नाही."

परवानगी मिळाली नाहीच. मग मॅडमनी रविवारी आमच्या खोल्यांसमोर, लिंबाखाली, सगळ्यांना बोलावलं. आसपासच्या कारखान्यांतले फिटर आले, हेल्पर आले, दोन सेफ्टीवाले तोंडाला रुमाल बांधून आले, चोरी करायला आल्यासारखे. जीव कसा वाचवायचा हे एकमेकांना विचारायला तोंड लपवावं लागतं! कारखाने साखरेचा उतारा एकमेकांना अभिमानानं सांगतात, अपघात तेवढा झाकून ठेवतात.

तो फोरमनही आला होता, तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "पयला पडला तवा मीच वरडलो. आरं बघत काय बसलाय, उतर की! दुसरा माझ्या शब्दावर गेला. तिसऱ्याला सांगायबी लागलं न्हाई."

तो रडायला लागला. मॅडमनी त्याला पाणी दिलं, थांबल्या आणि विचारलं, "पंखा कुठं होता?"

"स्टोअरात. कुलपात. स्टोअरकीपर सुट्टीवर."

मॅडम आमच्याकडं वळल्या. "आपल्या पंख्याची किल्ली कुणाकडं असते?"

कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी उभं राहून पंखा बाहेर काढायला लावला आणि टाकीजवळच्या शेडमध्ये आणून ठेवला.

पुढं पट्टा पडला, म्हणजे हंगामाचं गाळप संपलं, आणि टाकीत मी उतरलो. मीटर बघून, पट्टा बांधून, पंखा चालू ठेवून. तळाचा गाळ ढवळला आणि त्याच वेळी लाईट गेली. पंखा थांबला. 'ओढा' म्हणेपर्यंत माझे गुडघे वाकले होते. पुढचं मला दुसऱ्यांनी सांगितलं. तोच दांडगा हेल्पर शिडीपर्यंत धावला, स्वतःलाच एक शिवी हासडली आणि माघारी येऊन दोराला लोंबकळला. कुणीही उतरलं नाही. म्हणून मी हे लिहितोय, आणि माझ्यामागं दुसरा कुणी मेला नाही.

आमच्या कारखान्यानं काय केलं? मला उन्हानं चक्कर आली असं ठरवलं. सुरक्षा सप्ताहात 'अपघातमुक्त वर्ष' म्हणून शाल-श्रीफळ झालं, पेढे वाटले. मी पेढा खाल्ला नाही, एवढीच माझी हिंमत. आणि मॅडमचं कंत्राट पुढं वाढवलं नाही. बाहेरच्या लोकांना जमवून उद्योगाची बदनामी केली म्हणे! तीन माणसं गेली त्यात बदनामी नव्हती, ती बोलून दाखवण्यात होती. आता दुसरे कारखानेही त्यांना घेत नाहीत. "बाई हुशार हाय, पण लय बोलती," म्हणतात. मॅडम सांगलीला घरी बसून आहेत.

त्यांच्या केबिनमध्ये आता जुन्या खुर्च्या ठेवतात. परवा त्या हलवत होतो तेव्हा टेबलावरचा फोन वाजला. दारातनं क्लार्क म्हणाला, "मॅडमचा असंल तर रजेवर हायत म्हणून सांग."

मी फोन घेतला. कवठे महांकाळच्या बाजूच्या कुठल्याशा कारखान्यातला माणूस होता. "मॅडम हायत का? लिंबाखाली आलो हुतो मी. त्यांना तेवढं सांगा, आमचा एक जण काल टाकीत पडला. कुणी उतरलं न्हाई. दोरानं वडून काढला."

क्लार्क माझ्याकडं बघत होता. "मॅडम रजेवर नाहीत," मी फोनमध्ये म्हणालो. "त्यांना काढलंय. पण मी कळवतो. त्याचं नाव काय?"

"नाव कशाला?"

"मॅडम पहिलं तेच विचारतील."

मग तो म्हणाला, "थांबा, त्यालाच देतो."

फोन एका हातातनं दुसऱ्या हातात गेला. कुणीतरी खोकलं, पुन्हा खोकलं, दम घेतला आणि म्हणालं, "हॅलो?"