आईनं न केलेलं मेतकूट

माझ्या आईनं मेतकूट कधीच केलं नव्हतं. आमच्या घरात ते कुणी खातही नसे. तरी जर्मनीत असताना कितीतरी वर्षं मी तिथल्या मराठी मंडळींना सांगत आलो की ही बरणी आईनं पाठवली आहे. बरणी मीच भरायचो, पुण्यातल्या दुकानातून आणलेल्या पाकिटांतून. एवढ्याशा खोट्यानं कुणाचं काय बिघडतं, असं मी स्वतःला समजावत राहिलो. ज्या माणसाचं बिघडलं, ते माणूस मला चांगलं ठाऊक होतं.

आई महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. ती पाठवायची सुकटीची चटणी. सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, मंद आचेवर भाजायची आणि लसूण, सुकं खोबरं, घरचं काळं तिखट घालून खलबत्त्यात कुटायची. पुण्याहून कुणी येणार असलं की त्याच्या हाती ती चटणी यायची, एकात एक घातलेल्या पिशव्यांमध्ये, वर करकचून रबरबँड. पहिल्या हिवाळ्यात कामावरून आलो की मी भाताच्या पातेल्यातच चटणी घालून ओट्यापाशी उभ्यानं खायचो. ताट घेण्याइतकाही धीर नसायचा.

तिथली मराठी कुटुंबं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायची. ज्यानं त्यानं आपल्या घरचं काहीतरी आणायचं. मी पहिल्यांदा गेलो आणि कोपऱ्यात बसलो, तर यजमान म्हणाले, "पुण्याचे आणि इतके गप्प? तब्येत बरी आहे ना?"

सगळे हसले.

"पुण्यात कुठले आपण?"

"शहरातलाच," मी म्हणालो.

माझ्या आडनावावरून काही कळत नाही आणि मीही कळू दिलं नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आम्ही बौद्ध. घरात मान वर ठेवून जगायला शिकवलं होतं. त्या दिवाणखान्यात ती आपोआप खाली गेली. कुणी मला काही म्हटलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

जेवताना एक बाई सांगत होत्या, "आमच्या खालच्या मजल्यावर वाळके मासे भाजतात हो. मला पडदे धुवायला काढावे लागले. कुठली कुठली माणसं येऊन राहतात!"

"घरमालकाला सांगा की," कुणीतरी म्हणालं.

"सांगितलं ना. तर मलाच म्हणाला, तुमच्या फोडणीचीही तक्रार आलीय."

पुन्हा हशा झाला. मीही हसलो. माझ्या फ्रिजमध्ये तेव्हा आईची पिशवी होती.

"आणि तुमच्या आई काय पाठवतात?" त्याच बाईंनी मला विचारलं. शेजारच्या ताटात मऊ भात, तूप आणि मेतकूट होतं. "मेतकूट," मी म्हणालो.

पुढच्या वेळी मला ते आणावं लागलं, आणि मग प्रत्येक वेळी. पाकिटावर दुकानाचं नाव असतं म्हणून कॉफीच्या रिकाम्या बरणीत ओतून न्यायचो. आईला फोनवर सांगितलं, "चटणी नको पाठवूस. इथं वासाचा प्रश्न येतो."

"डब्यात घट्ट बंद करून देते."

"तरी नको."

"बरं," ती म्हणाली. पुन्हा चटणी आली नाही.

वडील गेल्यावर तिला थोडे दिवस माझ्याकडे आणलं. काहीतरी सबब सांगून तो महिन्याचा कार्यक्रम टाळायचा असं ठरवलं होतं, पण यजमान स्वतः गाडी घेऊन आले. त्यांच्या घरात शिरताच पडदे धुणाऱ्या त्याच बाईंनी आईचे हात हातात घेतले. "काकू, तुमच्या मेतकुटावर आमचे हिवाळे निघाले. हिंग कुठला घालता हो?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी बूट काढत होतो. ते काढून झाले तरी खालीच पाहत राहिलो.

"साधाच," आई म्हणाली. "बेतानं घालायचा."

मग ती सगळा वेळ मेतकुटाबद्दल जपून जपून उत्तरं देत बसली. परत येताना ट्रॅममध्ये तिनं मला एवढंच विचारलं, "ते पिवळं असतं, तेच ना?"

"हो."

ती खिडकीबाहेर बघत बसली.

पुढच्या रजेत मी पुण्याला गेलो, तर निघायच्या आदल्या दिवशी तिनं माझ्या बॅगेत डबा ठेवला. आत मेतकूट होतं. वरच्या मजल्यावरच्या आजींकडून ती शिकून आली होती. "पहिल्यांदा केलं तेव्हा गहू करपले. हे दुसऱ्या खेपेचं आहे. घेऊन जा. आता कुणी विचारलं तर तुला खोटं बोलायला नको."

मी तेव्हाच तिचे पाय धरायला हवे होते. मी डबा घेऊन गेलो. मंडळी म्हणाली, "यावेळी चव जरा वेगळी आहे, पण छान." मी मान डोलावली.

त्यानंतर एका व्हिएतनामी दुकानात वाळलेली कोळंबी दिसली. घरी आणली, बर्फ पडत असताना खिडकी सताड उघडून भाजली. कोळंबी जाड होती, गोडसर होती. कितीही लसूण घातला तरी ती चटणी होईना. आईला फोन करून विचारावंसं वाटलं. पण विचारणार कुठल्या तोंडानं? सगळं तसंच कचऱ्यात टाकलं.

आता मी कायमचा पुण्याला परत आलोय. ऑफिस खराडीला, घर मांजरीला, आई माझ्याजवळ. इथंही ती अधूनमधून मेतकूट करायची आणि मी मुकाट्यानं खायचो. परवा रविवारी ती एका हातानं ओट्याचा आधार घेऊन डाळ भाजत होती. तिचे गुडघे आता तिला फार वेळ उभं राहू देत नाहीत.

"आई, राहू दे ते. मला मेतकूट आवडत नाही."

"माहितीय," ती हात न थांबवता म्हणाली.

"मग का करतेस?"

"तू कधीतरी बोलशील म्हणून. तोवर हाताला काही काम नको?"

मग तिनं गॅस बंद केला आणि स्टुलावर बसली. "दवाखान्यात नवी लागले तेव्हा जिन्याखाली बसून डबा खायचे मी. बाकीच्या लांब बसायच्या. का, ते मला कळायचं. पण म्हणून मी डबा नाही बदलला. तुला भीती वाटली असेल, ते मी समजू शकते रे. पण त्या लोकांसमोर तू मला दुसरीच बाई करून टाकलंस. आणि तुझ्यासाठी मी झालेही."

मी तिच्यासमोर खाली फरशीवर बसलो.

"मला तुझी लाज वाटली होती, आई. तुला ते ठाऊक होतं, पण मी तोंडानं कधी कबूल केलं नाही. तुझ्या हातचं लपवलं आणि तुलाही लपवलं. माझं चुकलं. मला माफ कर."